रायबंदरचा धक्का

शील्ड विसरलो नव्हतो. लावलंच नाही.
'सांतेरी' बार्जच्या पोटात एकच टाका उरला होता,
एका टाक्यासाठी कोण तोंड झाकतं?
सबिनू म्हणालाही, पात्रांव, काच.
मी रॉड टेकवला.
निळं-पांढरं काहीतरी डोळ्यांत येऊन गेलं,
दुखलं नाही.
घरी आलो, बांगड्याचं हुमण जेवलो, झोपलो.

रात्री दीडला कुणीतरी पापण्यांखाली
मिठागर ओतलं.

बटाट्याच्या चकत्या ठेवून झाल्या.
पहाटेच्या फेरीबोटीनं चोडणहून निघालो
बायकोचा खांदा धरून, डोळे मिटून:
डिझेल, खारफुटीचा चिखल, साखळीचा खडखडाट,
मग पायाखाली रायबंदरचा धक्का.

बांबोळीला डॉक्टर शेवंती वेळीप
एकेक थेंब टाकते. मी आकडे मोजतो.
सतराला दुखणं थांबतं,
जनरेटर बंद झाल्यावरच कळतं ना
इतका वेळ तो चालू होता, तसं.
ही बाटली घरी न्यायला द्या, मी म्हणतो.
नाही, ती म्हणते. दुखलं नाही तर चोळाल,
आणि डोळा भरून येणार नाही.
दुखणं राखणदार आहे त्याचं.
सहज म्हणाली. तिच्या काणकोणातही
राखणदाराला रोट आणि सोरो देत असणार.

मग केसपेपरच्या मागे पेनानं डोळा काढते.
ही पुढची काच. हिच्यात रक्त नाही,
पण नसा बोटाच्या टोकापेक्षा कितीतरी दाट.
हिला काही दिसत नाही, ही फक्त ओरडते.
हा मागचा पडदा. ह्याला सगळं दिसतं.
ह्याला दुखत नाही.
म्हणजे?
म्हणजे जळला तरी कळवत नाही.

मी म्हटलं, रायबंदरसारखं.
धक्का एकच. एक फेरीबोट चोडणला, एक दिवाडीला,
आणि चोडणच्या माणसाला
दिवाडीत काय पेटलं ते कळत नाही.
ती हसली.
मी हसायला गेलो, आणि मला
ऐंशीचं ग्रहण आठवलं.

फेब्रुवारी, मिठाचा हंगाम, दुपार.
लोक दारं लावून बसलेले,
बापूस मिठागरात एकटा.
आधी त्यानं वाफ्यातल्या पाण्यात पाहिलं,
मग वर.
किती वेळ? दुखत नव्हतं,
तेवढा वेळ.

नंतर त्यानं माझ्याकडे सरळ कधी पाहिलं नाही.
बोलताना माझ्या कानाकडे बघायचा,
खांद्यावरून पलीकडे,
जणू मागे कुणी दुसरा, बरा मुलगा उभा आहे.
दहावीत गचकलो तेव्हा तसंच.
पहिला पगार हातावर ठेवला तेव्हाही तसंच.
मी चाळीस वर्षं तो तिरस्कार नीट जपून ठेवला,
त्याच्या चितेपाशीसुद्धा हातातून सोडला नाही.

डॉक्टर, पडदा मधोमध जळला तर?
तर मधलं जातं, कडेचं राहतं.
माणूस ज्याला बघायचं
त्याच्या बाजूला बघतो, तेव्हा कुठे ते दिसतं.
आणि मधलं भोक?
भोक असं दिसत नाही कित्येकांना.
मेंदू आजूबाजूचा रंग उचलतो
आणि रफू करतो.

म्हणजे त्यानं सरळ पाहिलं असतं
तर माझ्या तोंडाच्या जागी
मागच्या भिंतीचा चुना.

परतीच्या फेरीबोटीवर थेंबाचा अंमल उतरत होता.
ऊन पाण्यावरून सुया फेकत होतं.
पापण्या किलकिल्या करून मी बायकोच्या
कानाकडे बघत राहिलो, कुडीच्या जरा मागे.
ती म्हणाली, काय बघताय तिकडे?
तुझं तोंड, मी म्हटलं.
दुखतंय का?
हो.
पुन्हा सुरू झालंय.