अठरा वाव

दंतवैद्य शिरगुप्पे कोल्हापूरहून रात्रीच निघतात.
साडेचारला विजयदुर्गाच्या जेट्टीवर त्यांच्या गाडीचे दिवे.
बोलणं कमी. पेटी मात्र आधी उघडतात:
शिशाचे मासे, एकेक आपल्या कप्प्यात झोपलेला,
एक लांबोडका, एक पानासारखा चपटा, एक पोटाशी फुगीर,
पाठीवर निळा रंग, कुशीवर अंधारात चमकणारे पट्टे,
आणि बारीक जपानी अक्षरं, जी मला वाचता येत नाहीत.
त्यांनाही येत नाहीत, असं एकदा हसून म्हणाले.
जिग म्हणतात याला. ऐंशी ग्रॅम, शंभर, दीडशे.
एकाची किंमत ऐकून मी मनात पेट्रोल मोजलं:
देवगडला जाऊन परत येण्याइतकं.

खडकात अडकून तुटला तर ते हळहळत नाहीत.
दोरीचं टोक दोन बोटांत धरून बघतात,
उपटलेल्या दाताचं मूळ बघावं तसं.
आमच्या खडकावर असे आता पंधरा-वीस तरी असतील,
न पोहणारे, न कुजणारे,
अंगावर कालवं धरलेले.

त्या रविवारी आबा म्हणाले, मी येतंय.
तीन वर्षं होडीत पाय नव्हता.
उजवा हात थरथरतो, बसल्या जागी, झोप लागेपर्यंत.
घरी आम्ही कप अर्धाच भरतो,
सदऱ्याची बटणं मी लावतो,
लग्नाकार्यात ते हात मांडीखाली दाबून बसतात.

शंभरचा जिग त्यांनी तळव्यावर घेतला. तोही थरथरला.
"ह्येका डोळे कित्याक? ह्यो पाण्यात घालूचो
काय कपाटात ठेवूचो?"
त्यांनी स्वतः एकदा पितळी पळीचा दांडा तासून
सुरमई काढली होती. पळी देव्हाऱ्यातली.
आईने ते अजून माफ केलेलं नाही.

मतलई पडला तेव्हा आम्ही खडकावर होतो.
पडद्यावर मासे दिसत होते, तळाशी सांडलेल्या शितांसारखे.
शिरगुप्पे उभे: रॉड काखेत, खेच, अर्धा फेरा, सोड,
खेच, अर्धा फेरा, सोड.
दोन तास. शर्टावर मीठ.
खाली कुणी ढुंकून पाहत नव्हतं.

आबांना हातदोरीच हवी होती. बांधून दिली.
दोरी तर्जनीवरून सरसर उतरली. अठरा वाव.
आता ओढतील म्हणून मी बघत होतो.
ओढलं नाही. मनगट नुसतं काठावर टेकवलं
आणि तो हात एरवी जे करतो
ते करू लागला.

खाली, उजेड विटतो तिथे,
चांदीचा तुकडा तडफडत असणार,
कळपातून सुटलेल्या, मरायला टेकलेल्या तारलीसारखा,
न दमता.

शिरगुप्पेंनी घड्याळ काढून मोजलं. सेकंदाला पाच.
मग आपल्या निरोगी हाताने तसं करून पाहिलं,
बराच वेळ.
जमलं नाही.

दोरी ताठ झाली
आणि हात थांबला.
एकदम. जेट्टीच्या खुंटासारखा.
वावेमागून वाव दोरी आत येत होती,
पायाशी वेटोळी पडत होती,
कोणी म्हणालं गोबरा, बहुतेक मीच म्हणालो,
पण मी पाण्याकडे बघत नव्हतो.

सहा किलो भरला असता.
शिरगुप्पे फोटो काढून मासे सोडून देतात, त्यांची रीत.
"सोडायचा?" त्यांनी विचारलं.
आबांनी वर पाहिलं.
प्रश्न पुन्हा आला नाही.

परतताना हात बर्फाच्या पेटीवर, पुन्हा चालू.
अंगठ्याला एक खवला चिकटलेला,
उन्हात उघडझाप, उघडझाप.
थर्मासातला चहा मी सवयीने अर्धाच ओतला.
कप तसाच माझ्यापुढे धरून ठेवला त्यांनी.
"भर रे."
भरला.
अर्धा होडीत सांडला, अर्धा प्याले.