काजळी

हप्ता एकवीस हजार आठशे,
विमा, टायर, सोसायटीत दुसरं पार्किंग —
वहीची डावी बाजू भरली.
उजवीकडे एवढंच: बाबांना उतरताना
गुडघा मोडावा लागत नाही.

खारघर ते वाशी, वाशी ते खारघर.
इंजिन तापायच्या आत ऑफिस येतं.
दिवाळीत पिवळा दिवा लागला.
तुर्भ्याचा हनीफ म्हणाला, फिल्टरात काजळी धरलीय,
डिझेलला घरकोंबडं ठेवू नका,
आठवड्याला एकदा तरी पळवा.

म्हणून शनिवारी रात्री अकराला
कुठंच जायचं नसताना
पळस्प्याहून जुन्या हायवेला लागतो.
चौथा गिअर. सुनीती पाय वर घेऊन बसते
आणि मार्चपासूनचं एकेक काढते.
मी समोर बघत ऐकतो.

आज दांडफाट्याशीच दिवा विझला.
वळायचं इथूनच.
ती बोलतेच आहे.

फाटा मागे गेला,
आणखी दीडशेचं डिझेल.