बॅटरी उतरू नये म्हणून

फणसाखाली बस उभी आहे, मार्चपासून.
म्हापसा – मयडे – हळदोणे, पाटी तशीच.
काचेवरच्या सातेरीपुढचा अबोलीचा वळेसर
वाळून चहाच्या चोथ्यासारखा झालाय.

दर चौथ्या सकाळी सुदिन
पायजम्यावरच ड्रायव्हरच्या सीटवर चढतो,
किल्ली फिरवतो. दहा मिनिटं.
बॅटरी उतरू नये म्हणून, असं म्हणतो,
जणू कुणी विचारलं होतं.
डिझेलचा हिशेब मी विचारत नाही.

पहिल्या आठवड्यात दूध नव्हतं.
दुकानाच्या फळीला पोलिसाची काठी टेकलेली.
पोदेराची पोंय पोंय नाही,
दुर्गावतीची मासळीची हाक नाही,
सकाळ नेमकी कुठून सुरू करायची तेच कळेना.
पेज होती.
बरणीत गालमो होता, पावसासाठी राखलेला,
तो मार्चमध्येच काढला.
आईने पाहिलं असतं तर हात धरला असता.
कांदा, खोबरं, किस्मूर.
पहिल्या घासाला कुणीच बोललं नाही.
मग गौतमी म्हणाली, आई, मीठ जास्त झालंय,
आणि मला इतकं बरं वाटलं!
तक्रार करण्याइतकं काहीतरी
घरात अजून उरलं होतं.

यल्लप्पा, आमचा कंडक्टर, मागच्या खोलीत अडकला.
गदगची शेवटची गाडी सुटली तेव्हा
तो आमच्याच बसचा टायर बदलत होता.
आता तो ओसरीवर जोंधळ्याची भाकरी थापतो,
पातळ, ताटाएवढी,
आणि माझ्या जाड भाकरीकडे बघून काही म्हणत नाही.
संध्याकाळी फोनवर मुलीकडून पाढे म्हणवून घेतो.
सातचा पाढा आता मलाही येतो, कन्नडमधून.
सात साते एकोणपन्नासला ती रोज अडते.
तिथे आम्ही सगळेच थांबतो.

त्याची चामड्याची पिशवी एका दुपारी मी उलटी केली.
नाणी साबणाच्या पाण्यात, मग सुपात.
नोटा दोरीवर, चिमटे लावून, सुदिनच्या शर्टाशेजारी.
एकशे त्र्याऐंशी रुपये.
किती जणांचे हात धुतले मी त्या दुपारी:
बँकेतल्या बाईचे,
सुट्टे नाहीत म्हणून भांडणाऱ्या कॉलेजच्या पोरांचे,
शुक्रवारच्या बाजारात केळी नेणाऱ्या त्या म्हातारीचे,
जी दोन रुपये नेहमी कमीच द्यायची.

कुंपणावरून क्लोटिल्डाबायने बिमल्या दिल्या,
टोपलीला दोरी बांधून.
मी उडदाची डाळ पाठवली त्याच टोपलीतून.
सोळा वर्षांचा शेजार.
तिचे डोळे घारे आहेत
हे तोंडाला फडकं बांधल्यावर कळलं.

आणि पोदेर आला एकदाचा.
गौतमी उलट्यासुलट्या चपला घालून धावली.
दोनच पोळ्या मिळाल्या, कोंडा लागलेल्या, गरम.
चौघांत वाटल्या.
यल्लप्पाने आपला तुकडा चहात बुडवला
आणि बुडाला तो. चमच्याने शोधत बसला,
एवढ्या गंभीर चेहऱ्याने,
की सुदिन हसला. कितीतरी दिवसांनी,
तेही दुसऱ्याच्या नुकसानीवर.

परवा इंजिन चालू होतं तेव्हा
मी चहाचे कप घेऊन वर चढले.
या बसमध्ये मी नेहमी घाईत बसले आहे,
पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी,
तिकिटाशिवाय, मालकाची बायको.
परवा चौथ्या रांगेत बसले. खिडकीपाशी.
दारातून यल्लप्पाने सवयीने हाळी दिली,
फुडें वच, फुडें वच!
आत एक कोंबडी होती, ती खरंच पुढे गेली.
मग त्याने हात पसरला. मी धुतलेलं नाणं दिलं.
खंय? त्याने विचारलं.
मला सांगता येईना.

सुदिनने आरशात पाहिलं,
ज्या आरशात तो उभे प्रवासी मोजतो.
बराच वेळ पाहिलं.

खिडकीतून एक घर दिसत होतं.
स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल,
दोरीवर एक परकर, एक शाळेचा गणवेश उगाचच धुतलेला,
पायरीवर सूप.
वाटेवरचं कुणाचंतरी असावं तसं.
बरं होतं घर.
उतरावंसं वाटलं.

दहा मिनिटं झाली, इंजिन बंद झालं.
कुणी उठलं नाही.
चहा अजून अर्धा होता.