वेलांटी

कमाटीबागेच्या कुंपणाशी, शेणावर उगवलेली.
शनाभाई म्हणाला, बिलाडीनो टोप.
मी म्हटलं, कुत्र्याची छत्री.
मांजर नाही, कुत्रं नाही,
एक म्हैस तेवढी निघून गेलेली.

हर्बेरियमात गुप्तेबाईंनी लॅटिन नाव लिहिलं,
मग खोडलं. घराणं फुटलं म्हणे,
आडनाव एकीकडेच राहिलं,
बाकीच्या वेगळ्या निघाल्या.
जुन्या पाकिटांवर चिठ्ठीवर चिठ्ठी,
सगळ्यांत खाली कुणाचं तरी
फिकट, मोडीवळणाचं अक्षर.

मान वर केली तोवर
टोपी विरघळून बशीत काळी शाई.
बाईंनी तिच्यातच टाक बुडवला.
तारीख घातली. बडोदे घातलं.
थांबल्या.
"शनाभाई, बिलाडीची पहिली वेलांटी
ऱ्हस्वच ना हो?"