कपाळावरचा चष्मा

सगळ्यात आधी हेच विचारतात,
“मग म्याडम, तुमचा चष्मा का अजून?”
मी हसते. उत्तर शेवटाला ठेवते.
राजारामपुरी, सातवी गल्ली, दुसरा मजला.
खालच्या मिसळीचा कट जिन्यानं वर चढत येतो
आणि मी थेंब घालून लोकांच्या बाहुल्या मोठ्या करत असते,
सकाळी दहापासून.

सांगते ते असं:
लेन्स लावत असाल तर दोन आठवडे बंद. लपवू नका,
बुबुळाच्या नकाशात सगळं उमटतं.
नंबर वर्षभर जागचा हललेला नको.
अंगावर पाजत असाल तर थांबा, बाळ मोठं होऊ दे.
यंत्राखाली क्षणभर अंधारून येईल,
केस जळल्याचा वास येईल. केस नसतात ते.
हिरव्या ठिपक्याकडं बघत राहा.
ठिपका हरवला, तरी तो होता तिकडंच बघत राहा.

मुरगूडची प्राजू, त्रेपन्न किलो वजनगट,
खुर्चीवर मांडी घालून बसली.
“समोरची पोरगी नुसती धुरासारखी दिसतीया, ताई.
हात कुठनं येतोय कळत न्हाय. मी ठरवूनच आलो.”
तिला म्हटलं, झाकणवाली पद्धत तुला नाही.
कुणाचं कोपर लागलं तर झाकण सरकेल.
तुझा वरचा पापुद्रा काढून करायचं.
तीन-चार दिवस डोळ्यांत तिखट, मग काही आठवडे धूसर,
आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत तालीम बंद.
“तिखटाचं काय सांगता,” म्हणाली.
डोळे चोळायचे नाहीत, म्हटल्यावर मात्र गप्प झाली.
घाम पुसायचा हात
कधी डोळ्याकडं जातो, तिलाच माहीत नव्हतं.

भूपाल मुधाळे. हुपरी. वय चव्वेचाळीस.
पैंजणाला घुंगरू जोडतात.
लेकीचं लग्न मार्गशीर्षात, फोटोत काचा चमकतात म्हणून आलेले.
पैसे रुमालात, मोजलेले.
“बुबुळ जाड केवढं?”
अर्धा मिलिमीटर, वर थोडं.
त्यांनी चिमटीत तेवढी हवा धरली.
“म्हंजे आमचा पत्राच की. त्यातनं काढणार?”
काढणार. काढलेलं परत लावता येत नाही.
“आम्ही डाग देऊन जोडतो,” म्हणाले, आपल्याशीच.

मग संमतीपत्र वाचायला घेतलं
आणि चष्मा कपाळावर ढकलला.

तिथं मी पेन मागं घेतलं.
काका, घुंगरू जोडताना चष्मा कुठं असतो?
“हितंच की.”
आणि घुंगरू?
हात आपोआप वर आला,
नाकापासून एक वीत लांब थांबला.

मग सांगितलं. लांबचं लख्ख होईल,
रंकाळ्याच्या ह्या काठावरनं त्या काठाची माणसं मोजाल.
पण ही वीत जाईल.
तुमची चाळिशी ह्या नंबराआड बसलीय,
नंबर काढला की बाहेर येईल.
मग प्रत्येक घुंगराला जवळचा चष्मा.
आत्ता भिंग फुकट आहे, जन्माबरोबर आलेलं.

बराच वेळ बोलले नाहीत.
खाली कुणी तरी जादा पावासाठी ओरडलं.
“शाळेत ढापण्या म्हणायची पोरं,” म्हणाले.
रुमालाची गाठ परत मारली. दारातनं वळून,
“आणि तुमचा?”
माझा पत्रा पातळ, काका. यंत्रानं नको म्हटलं.
“बरोबर,” म्हणाले,
दुसऱ्याचं काम बघून कारागीर म्हणतो तसं.

सही नाही. सहीच्या जागी
अंगठ्याचा काळा डाग, चांदीचा.
रद्द झालेला फॉर्म फाडायचा असतो. राहिलाय.

काल प्राजूचा फोन.
रात्री गंगावेशीत दिव्यांना जाळी दिसतीया.
काही महिने दिसेल, म्हटलं, बहुतेकांची जाते.
“बहुतेकांची म्हंजे?”
सगळ्यांची नाही.
पलीकडं दुधाच्या किटल्यांचा आवाज, बराच वेळ.
“सांगितलं हुतं की तुमी,” म्हणाली. “चालतंय.”