एकास चाळीस

जूनमध्ये या बेटांवर
रात्र फक्त माझ्या खोलीत होते.
बाहेर साडेदहालाही मेंढ्या उजेडात चरतात,
आणि मी काळा पडदा ओढून, दिवा मालवून
आठ मिनिटं डोळ्यांना अंधार पाजते.
मग काच सरकवते.

परक्या कुणाच्या तरी पांढऱ्या पेशी,
स्पिरिटमध्ये थिजलेल्या,
त्यांच्यावर तुझ्या रक्ताचं पाणी. एकास वीस.
केंद्रकाभोवती हिरवं कडं.
आहे.
एकास चाळीस.
आहे. नाही. डोळा पुसून पुन्हा:
आहे म्हटलं तर आहे.
रोई मागून वाकून बघतो,
"तुला दिसतंय तर लिही," म्हणतो
आणि कॉफी आणायला जातो.

नळीवर नुसता आकडा असतो.
पण तोर्सहाव्नमध्ये आकड्याने लपावं कुठे?
एकोणीस वर्षं, चार महिने जुलाब, अकरा किलो कमी.
सहा वल्ह्यांच्या होडीत चौथ्या वल्ह्यावर
यंदा दुसराच कुणी बसतो
हे मी धक्क्यावरून पाहिलंय, एयुन.
तुझ्या आईचा पाव तर
मी दर शनिवारी नेते.

दुसऱ्या ताटलीतली खाच पिवळी झाली:
पावाच्या यीस्टविरुद्ध तुझ्या रक्ताची तक्रार.
सत्तावीस. रेषा पंचविसावर.

म्हणजे कडं बोट दाखवतंय कोलायटिसकडे,
पिवळा रंग क्रोनकडे,
दोन साक्षीदार, दोघेही अर्धवट झोपेत,
आणि दोघांचीही तोंडं दोन दिशांना.
रेषा तरी कुणी आखली? आमच्यातल्याच कुणी,
धडधाकट माणसं रांगेत बसवून.
त्यातल्याही काहींच्या खाची पिवळ्या झाल्या होत्या.
आणि ज्यांची आतडी खरोखर कापावी लागली
त्यातल्या कित्येकांच्या
शेवटपर्यंत कोऱ्या.

मी लिहिते: दोन्ही कमजोर पॉझिटिव्ह.
एवढ्यावरून निदान करू नये.
शौचाची तपासणी, दुर्बीण, तुकडा
यांच्याशी ताडून पाहावे.
वर्षातून चारशेदा लिहिते हे वाक्य,
आता बोटांनाच पाठ आहे.

शनिवारी फडताळात पाव नव्हता.
नुसते ड्रीलुर, बिनयीस्टचे,
चपटे, पाट्यासारखे जड.
"फोनवर आलाय रिपोर्ट," तुझी आई म्हणाली,
"यीस्ट म्हणतात. म्हणजे मीच.
दात आल्यापासून मीच भरवलं."
आणि काउंटर पुसत राहिली
जिथे पुसण्यासारखं काहीच नव्हतं.

मला ठाऊक असायला नको होतं,
म्हणून मी सुट्टे पैसे मोजत उभी.
बोलायचं होतं ते हे:
बाई, भिंत झिरपायला लागली
की आतल्या पहारेकऱ्याला
रस्त्याने जाणारा येणारा प्रत्येकजण चोर दिसतो.
तुझा पाव नुसता रस्त्याने चालला होता.
सुक्याबरोबर ओलं जाळू नकोस.
तेही पुरतं खात्रीने नाही म्हणा,
एकास वीस एवढ्या खात्रीने.

म्हणाले फक्त, "दोन द्या."

गुरुवारी तुझ्यात कॅमेरा उतरेल.
तुकडे जातील शेजारच्या खोलीत,
तिथे दिवे लावून काम करतात.
माझ्यापर्यंत काही येणार नाही,
धक्क्यावरून कळेल तेवढंच.

घर येईस्तोवर पिशवीच्या बंदाने बोटं कापली.
एक ड्रीलुर मी उभ्याउभ्याच मोडला,
लोणी लावून.
चावायला वेळ लागला.