ढ

एप्रिलात शाळेची भिंत रंगवायला घेतली.
एरंडोलचं ऊन असं की ब्रश डब्यातून भिंतीवर जाईतो
टोकाला रंग सुकतो.
तरी दोन दिवसांत ठ पर्यंत आलो.
ड झाला. मग हात थांबला.

याच भिंतीच्या आत, तिसऱ्या खिडकीखाली
बोरसे गुरुजी हजेरीत मला उखर्डू म्हणायचे
आणि हजेरी मिटली की नुसतं ढ.
ढ, फळा पूस. ढ, माठ भर.
गल्लीनं ते चार दिवसांत पाठ केलं.
आईनं विचारलं, ढ म्हंजे काय रे भो?
म्हटलं, ढगातला.
ती खूश झाली.

निकुंभ मॅडम निंबाखाली पेपर तपासत होत्या.
त्यांच्या वहीत ब्राह्मीचा तक्ता,
कुठल्याशा शिबिरात उतरवलेला.
क म्हणजे बेरजेची खूण, र नुसती उभी काडी,
ग म्हणजे झोपडीचं छप्पर.
"बघा पेंटर, सगळी बदलत गेली.
दोन हजार वर्षं हा एकटा होता तसाच.
म्हणून म्हणतात म्हणे,
जो पुढं सरकत नाही तो ढ."
त्या नव्या आहेत, धुळ्याच्या.
त्यांना काही ठाऊक असायचं कारण नाही.
त्यांनी चहा सांगितला.

मी तक्ता पाहिला. खरंच तोच.
बोर्ड रंगवणाऱ्याला अक्षर हातानं कळतं.
झ आला की मजुरी वाढवून मागावी वाटते.
ढ एका दमात.
शिरोरेघ सोडली तर ब्रश उचलायचाच नाही.
दगडावर कोरा, घाईत खरडा,
बिघडायला त्यात जागाच नाही.
बदलायचं तरी काय त्यानं?

हे मॅडमना सांगायचं होतं.
जीभ जड झाली, नेहमीसारखी.

ढ काढला, शेजारी ढग काढला.
वर्गाबाहेर उभा केलेला एक पोऱ्या
मघापासून बघत होता.
तुनं नाव काय शे?
त्यानं ओल्या अक्षराकडे बोट दाखवलं.

ते नाही. घरचं.

जरा वेळ लागला त्याला.
प्रद्युम्न दगा मोरे.
एका नावात तीन जोडाक्षरं!
बोर्डावर घालायचं तर मी आगाऊ पैसे घेईन.

बशीतला चहा त्याला दिला.
ण उरला होता अजून.
ण-नं शब्दच सुरू होत नाही,
तेव्हा शेजारी चित्र कशाचं काढायचं
ते आम्ही दोघं
भिंतीकडे बघत बसलो.